पिशवीची ऊब

रुग्णालयात त्याला सगळे थंडोबा म्हणत. नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण चपखल बसलं होतं. एक तर तो तळघरातल्या थंड खोलीवर कामाला होता. वॉर्डात माणूस गेला की तो थंडोबाच्या ताब्यात यायचा आणि नातेवाईक येऊन नेईपर्यंत तिथेच राहायचा. दुसरं म्हणजे त्याचा स्वभाव. आकाश कोसळलं तरी हा गडी आधी चष्मा पुसणार आणि मग वर बघणार. बाकीचे स्वेटरवर स्वेटर चढवून तळघरात उतरायचे, तेव्हा हा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वावरायचा. त्याला चिडलेला कुणी पाहिला नव्हता आणि रडलेला तर नाहीच नाही. 'प्रेतांच्या संगतीत राहून हाही निम्मा प्रेतच झालाय,' असं वरच्या मजल्यावरचे लोक म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं तोंड कुणी धरावं? त्यातल्या एकानेही कधी तळघराच्या शेवटच्या पायरीखाली पाऊल टाकलं नव्हतं.

थंड खोली म्हणजे खरं तर दोन खोल्या. आतल्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी कप्पे, ओढले की पुढे येणारे, आणि यंत्राची अखंड घरघर. बाहेरची खोली लहान. तिथे एक उंच टेबल, एक स्टूल, एक दिवा आणि कोपऱ्यात मोरी. नातेवाइकांना दाखवायची वेळ आली की थंडोबा माणसाला बाहेर आणायचा, अंगावर धुतलेली चादर घालायचा, केस नीट करायचा, तोंड मिटत नसेल तर हनुवटीखाली कापडाची गुंडाळी सरकवायचा. आणि मग तो एक गोष्ट करायचा, जी कामाच्या नियमांत कुठेच बसत नव्हती. शेकायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती तो मेलेल्याच्या उजव्या हातात द्यायचा, दोन्ही बाजूंनी चादर गुंडाळायचा आणि थांबायचा. हात कोमट लागला की पिशवी काढून मोरीशी टांगायचा आणि मगच दार उघडायचा.

हे त्याला कामावर कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीला लागल्यापासून तो बघत आला होता. आलेला माणूस आधी चेहरा बघतो, रडतो, आणि रडता रडता हात हातात घेतो. तिथे सगळं बिघडतं. एका म्हाताऱ्याने आपल्या बायकोचा हात असा घेतला आणि दचकून टाकूनच दिला. टेबलावर तो हात आपटल्याचा आवाज आला. मग तो म्हातारा स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसला, जन्मभराचं पाप हातून घडल्यासारखा. बरोबरच्या मुलांनी त्याला धरून बाहेर नेलं. थंडोबा त्या रात्री घरी जेवला नाही, बायकोला मात्र सगळं सांगितलं.

"एवढंच ना? मग हात गरम करून द्या," बायको म्हणाली. "तुम्ही आणलेली ती पिशवी पडलीय ना फळीवर."

तर त्या पिशवीची आणि त्या बायकोची गोष्ट आधी सांगायला हवी.

ती त्याच रुग्णालयाच्या धुलाईत होती. तळघराच्या बोळात एका टोकाला धुलाई, दुसऱ्या टोकाला थंड खोली. चादरी पोचवायला ती यायची. बाकीच्या बायका चादरींचा गठ्ठा दारात टाकून पळायच्या. ही आत यायची, गठ्ठा फळीवर रचायची आणि विचारायची, "आज किती पाहुणे?" असा विनोद ऐकून थंडोबा पहिल्यांदा हसला आणि तिथेच फसला. लग्न झालं. मूल झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, शेवटी तिनेच एक दिवस सांगून टाकलं, "पुरे आता. आपण दोघं काय कमी आहोत का?"

दिवसभर गार पाण्यात हात घालून तिचे हात कायमचे गार पडले होते. उन्हाळ्यातही गार. बोटांची टोकं सुरकुतलेली, तळवा खरखरीत, आणि मनगटापासून खाली सगळं झऱ्यातून काढल्यासारखं. संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी ती मागून यायची आणि दोन्ही हात थंडोबाच्या मानेवर ठेवायची. "अगं, मेलो!" असं तो ओरडायचा. त्याच्या आयुष्यातला चढा आवाज तेवढाच. खरं म्हणजे त्याला काही व्हायचं नाही. सबंध दिवस बर्फाच्या शेजारी काढणाऱ्याला या दोन हातांचं काय? तो नाटक करायचा, आणि तो नाटक करतो हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही. संसार असाच चालतो, जिथे चालतो तिथे.

एका थंडीत त्याने तिच्यासाठी शेकायची पिशवी आणली. तिने ती उलटसुलट बघितली आणि फळीवर ठेवून दिली. "तुमची मान असताना मला पिशवी कशाला?" ती तशीच पडून राहिली आणि शेवटी तळघरात कामाला लागली.

तिची धाकटी बहीण, म्हणजे थंडोबाची मेव्हणी, या दोघांना बघून कपाळाला हात लावायची. बाई फटकळ होती, पण मनाची वाईट नव्हती. "भावोजी, तुमच्यात माया नावाची चीज आहे की नाही?" ती तोंडावर विचारायची. "आई गेली तेव्हा आम्ही सगळी धाय मोकलून रडत होतो आणि तुम्ही खुर्च्या मांडत होता!" थंडोबा चष्मा पुसायचा. खुर्च्या कुणीतरी मांडायलाच हव्या होत्या.

थंड खोलीत अधूनमधून एक म्हातारे डॉक्टर आपले विद्यार्थी घेऊन यायचे. मरणानंतर शरीरात काय काय होतं ते शिकवायचे. त्यांना शब्दांचा भारी नाद. एकदा विद्यार्थी निघून गेले आणि डॉक्टर मोरीवर हात धूत उभे राहिले. थंडोबाने विचारलं, "साहेब, ते तुम्ही अल्गोर अल्गोर म्हणत होता, ते काय?"

डॉक्टर खुलले. विचारणारा भेटला की त्यांना जेवणाची आठवण राहत नसे. "मेल्यावर अंग गार पडत जातं ना, त्याला आमच्या इंग्रजी पुस्तकात अल्गोर मॉर्टिस म्हणतात. मॉर्टिस म्हणजे मरणाचा. आणि अल्गोर म्हणजे गारठा. शब्द मूळचा लॅटिन. आता गंमत बघ. लॅटिनमध्ये गारठ्याला दोन शब्द. एक फ्रिगस. तो वस्तूचा गारपणा. तुझ्या घरच्या फ्रीजचं नाव त्याच खाणीतलं. आणि दुसरा अल्गोर. तो अल्गेरे या क्रियापदावरून आला. अल्गेरे म्हणजे थंडी वाजणं. आपण नाही का म्हणत, पाणी गार आहे, पण मला थंडी वाजते? पाण्याला काही थंडी वाजत नाही. इंग्रजीत आला तेव्हाही ताप चढण्याआधी जी हुडहुडी भरते तिला लोक अल्गोर म्हणायचे."

थंडोबाने रात्रीच्या जेवणाला हे सगळं जसंच्या तसं बायकोला ऐकवलं. ती हातातला घास तसाच धरून हसली. "म्हणजे मेलेल्याला थंडी वाजते? तुमचे डॉक्टर कामातून गेले हो. थंडी वाजायला माणूस जागेवर नको का?"

पुढच्या खेपेला त्याने डॉक्टरांना बायकोची शंका सांगितली. डॉक्टर मोठ्याने हसले नाहीत. हात पुसता पुसता थांबले. "बरोबर आहे तिचं. पण माझा आपला एक अंदाज आहे. ज्याने कुणी हे नाव पहिल्यांदा ठेवलं, त्याने जवळच्या कुणाचा तरी हात धरून पाहिला असेल. थंडी वाजली ती त्याला. खातं मात्र मेलेल्याच्या नावावर उघडलं." मग स्वतःशीच मान हलवून ते जिना चढून गेले. थंडोबाला वाटलं, आपल्याला काही हे कळायचं नाही. आपल्याला कधी थंडी वाजतच नाही.

पिशवीचं काम बरीच वर्षं बिनबोभाट चाललं. लोक यायचे, हात धरायचे, बोलायचे, कुणी कपाळाला लावायचे. ती ऊब कुठून आली हे कुणी विचारत नसे. दुःखात माणूस हिशेब करत नाही. आणि मग एक आई आली.

तिचा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. तरणाताठा, अंगावर फारशी जखमसुद्धा नाही. आई एकटीच जिना उतरून आली. थंडोबाने दार उघडलं. तिने चेहऱ्याकडे पाहिलंही नाही, आधी हात धरला. आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता, आनंदाचा होता.

"गरम आहे! अहो, हात गरम आहे त्याचा! जिवंत आहे माझा मुलगा! कुणीतरी डॉक्टरांना बोलवा!"

ती मुलाचे गाल थोपटत होती, त्याला हाका मारत होती, उठ म्हणत होती. बाहेर धावत जाऊन बोळात ओरडत होती. धुलाईतल्या बायका धावून आल्या. त्यात त्याची बायकोही होती. दरवाजात उभी राहून तिने एका नजरेत सगळं ओळखलं. थंडोबा मोरीपाशी गेला, टांगलेली पिशवी काढली आणि त्या आईच्या पुढे धरली.

"आई, ऊब या पिशवीची आहे. मी दिली होती त्याच्या हातात. तुम्हाला गार लागू नये म्हणून."

तिने पिशवीला हात लावला. मग मुलाच्या दुसऱ्या हाताला लावला, आणि तो आपल्या दोन्ही हातांत गच्च दाबून धरला. मग हळू म्हणाली, "सकाळी फोन आला तेव्हा एकदा गेला तो. आत्ता तुम्ही परत मारलात त्याला." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मानेवर हात पडले तेव्हा थंडोबा ओरडला नाही. बायकोने हात तसेच राहू दिले. "चूक ऊब देण्यात नव्हती," ती म्हणाली. "चूक लपवण्यात होती. द्या, पण आधी सांगून द्या." तेव्हापासून तो दाराबाहेरच सांगायचा, "हात मी पिशवीने गरम करू शकतो. करू का?" काही जण हो म्हणत, काही नको म्हणत. दोघांचंही बरोबर असायचं.

पुढे त्याच्या जोडीला एक ड्रायव्हर आला. म्हणजे रुग्णवाहिकेचा जुना ड्रायव्हर. पाठ गेली म्हणून गाडी सुटली आणि तळघरात बदली झाली. तोंडाचा पट्टा अखंड चालू. "पूर्वी मी हॉर्न वाजवायचो, लोक रस्ता द्यायचे. आता ज्यांना आणतो ते हॉर्नच्या पलीकडे गेलेले," असलं काहीबाही बोलायचा. पण काम मनापासून करायचा. थंडोबाने त्याला हनुवटीखालची गुंडाळी शिकवली, केस कसे विंचरायचे ते शिकवलं आणि पिशवी शिकवली. पाणी किती गरम, बोटं कशी वळवायची, आधी विचारायचं कसं, सगळं. ड्रायव्हरने ती पिशवी दोन्ही हातांत तोलून पाहिली. "थंडोबा, तुला लोक उगाच थंड म्हणतात रे," एवढंच तो म्हणाला.

आणि मग बायको आजारी पडली. खोकल्याचं निमित्त झालं, छातीत पाणी झालं, आणि ज्या चादरी तिने जन्मभर धुतल्या त्यांतल्याच एकीवर ती वरच्या वॉर्डात पडली. थंडोबा काम संपलं की वर जायचा. ती अंथरुणातून हात काढायची, तो मान पुढे करायचा. आता तिचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता म्हणून त्याला वाकावं लागायचं. "अगं, मेलो," तो हळू म्हणायचा, शेजारच्या खाटेवरची बाई जागी होऊ नये म्हणून.

"ऐका," एके दिवशी ती म्हणाली. "मी खाली आले की..."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"खाली येणारच आहे, दोघांनाही ठाऊक आहे. ऐका. माझ्या हातात ती पिशवी द्यायची नाही. जन्मभर घेतली नाही, आता कशाला? माझे हात मला गारच बरे आहेत."

"बरं."

"आणि शेवटी तुम्हीच धरायचा. घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरतोय? मला ओळखीचाच आहे तो गारवा," थंडोबा म्हणाला. आपण हात धरू आणि तो तिचाच असेल, एवढं एक त्याला हवं होतं. बाकी देवाकडे मागण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

ती गेली तेव्हा तो तळघरात होता. वरून निरोप आला, तो ट्रॉली घेऊन निघाला, तर ड्रायव्हर आडवा आला. "आज नाही. आज तू घरचा माणूस आहेस. तू बोळातल्या बाकावर बस. मी आहे." थंडोबा बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या बाकावर बसला होता. समोरून ट्रॉली गेली, चाकाची ओळखीची कुरकुर ऐकू आली आणि दार लागलं. मेव्हणी बाहेरगावी होती. ती दुपारपर्यंत पोचणार होती, तोवर थांबायचं होतं. कुणी चहा आणून दिला, त्यावर साय धरली. धुलाईतल्या बायका येऊन शेजारी बसल्या आणि गेल्या. ज्या माणसाला त्या खोलीतला प्रत्येक खिळा ठाऊक, त्याला आत काय चाललं असेल याचा विचारच सुचला नाही. पिशवीची आठवणही झाली नाही. दाराच्या या बाजूला बसलं की माणसाचं असंच होतं, हे त्याला त्या दिवशी समजलं.

मेव्हणी आली ती रडतच आली. ड्रायव्हरने दार उघडलं, ती आत गेली, उराशी दाटलेलं सगळं रडून घेतलं आणि पदराने तोंड पुसत बाहेर आली. थंडोबाकडे बघून ती काही बोलणार होती, बहुधा खुर्च्यांचंच, पण या वेळी गिळलं. "जा भावोजी," ती म्हणाली. "वाट बघतेय ती."

थंडोबा आत गेला. ड्रायव्हरने सगळं मन लावून केलं होतं. केस मधोमध भांग पाडून विंचरलेले, चादरीला एक सुरकुती नाही. त्याने स्टूल ओढलं, बसला आणि चादरीखाली हात घालून तिचा हात धरला.

हात गरम होता.

त्याच्या तोंडून तिच्या नावाने हाक निघून गेली. एक क्षण, एकच क्षण, त्याला वाटलं, आहे! ही आहे! ज्याने शेकडो हात गरम केले त्याला वाटलं. मग नजर मोरीकडे गेली. खिळ्याला पिशवी टांगलेली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. त्या आईसारखाच त्याने दुसरा हात चाचपला; तो गारठा कप्प्याचा होता, तिचा नव्हे. दोनदा मरणं म्हणजे काय, ते त्याला कळलं.

ड्रायव्हर दारातून डोकावला. त्याचे डोळे लाल झाले होते. "नीट झालंय ना? तुला काय विचारायचं, तुझीच तर पद्धत. पाणी दोनदा बदललं मी."

"छान केलंस," थंडोबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्या बिचाऱ्याने जीव ओतून केलं होतं. "मी जरा बसतो. दार ओढून घे."

पण हात परका होता. मऊ, ऊबदार, कुणातरी सुखवस्तू बाईचा असावा तसा. ज्या हाताने गठ्ठे रचले, ज्या हाताने वर्षानुवर्षं संध्याकाळी त्याची मान पकडली, तो हा नव्हे. बायकोने एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि तो सांगायला विसरला होता. आता उपाय एकच होता. त्याने तिचा हात चादरीवर उघडा ठेवला आणि तो वाट बघत बसला. आत यंत्र घरघरत होतं. मधूनच तो बोट लावून बघायचा. अजून ऊब होती. पुन्हा थांबायचा. हात गरम व्हायची वाट त्याने अनेकदा पाहिली होती. गार व्हायची वाट पाहायला तो पहिल्यांदाच बसला होता.

ऊब हळूहळू उतरली. आधी बोटांची टोकं, मग तळवा. आणि एकदा त्याने बोट लावलं आणि थांबला. हाच. सुरकुतलेल्या टोकांचा, झऱ्यातून काढल्यासारखा, चपला काढायच्या आधीचा. थंडोबाने चष्मा काढून ठेवला. वाकला, तिचा हात दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या मानेवर ठेवला.

"अगं, मेलो," तो म्हणाला.

तो तसाच वाकून राहिला. पण गारवा तिथे थांबला नाही. मानेवरचा हात तिच्या नेहमीच्या हाताइतका गार झाला आणि मग पुढे गेला, तिच्या हाताहून गार, कुठल्याही बाईच्या हाताहून गार, लोखंडी कप्प्याइतका गार. तिचा हात येऊन गेला होता. थंडोबाने तरी तो खाली ठेवला नाही. खांदे हलायला लागले, दात वाजायला लागले, आणि जे सासूबाई गेल्या तेव्हा, कुणाच्याच वेळी आलं नव्हतं ते सगळं आलं.

आवाज ऐकून मेव्हणीने दार उघडलं. टेबलावर ओणवा झालेला तो म्हातारा माणूस तिला दिसला. ती धावत आत आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"भावोजी! अहो, केवढे कापताय तुम्ही!"

"थंडी वाजतेय गं," थंडोबा म्हणाला. "फार थंडी वाजतेय मला."